राऊळांच्या भिंतीवरची भेग

शूटिंगवाले सकाळी सामान घेऊन आले आणि सहदेव राऊळच्या दारातच थबकले. प्रांजल नावाची मुलगी त्यांची पुढारी. तिने एकदा खोलीकडे पाहिलं, एकदा मोबाइलमधल्या फोटोकडे पाहिलं, मग मागे सरून दारावरची पाटी वाचली. पाटी बरोबर होती. आतली खोली मात्र लग्नघरासारखी पांढरीशुभ्र होती आणि रंगाचा वास अजून ताजा होता.

"काका, भिंत कुठाय?" तिने विचारलं.

"ही काय," सहदेव कौतुकाने म्हणाला. "दोन हात मारले. सुकायला पंखा लावून ठेवला होता."

"ही नाही हो. ती ओल आलेली, पोपडे निघालेली. त्या भिंतीसाठी तर आलोय आम्ही."

सहदेवचा चेहरा उतरला. तो पवईच्या एका मोठ्या ऑफिसात पँट्रीत चहा-कॉफी बघायचा. वरच्या मजल्यावर जाहिरात कंपनी होती. त्यांना घरकर्जाची जाहिरात करायची होती. एक कुटुंब कोंदट खोलीतून निघून टोलेजंग इमारतीत राहायला जातं, असं काहीसं. कोंदट खोली खरीखुरी हवी होती. सहदेवने चहा देता देता मुलीच्या वाढदिवसाचा फोटो दाखवला, आणि प्रांजलला मुलीपेक्षा मुलीच्या मागची भिंत आवडली. "झकास," ती म्हणाली होती, "रविवारी येतो. माणसं थोडी जास्त असतील हां."

इथेच घोटाळा झाला. घरी माणसं येणार म्हटलं की आधी भिंतींना रंग लावायचा, ही राऊळांची रीत सावंतवाडीहून घाटकोपरच्या डोंगरावर तशीच चालत आली होती. गणपतीला माणसं येवोत, सोयरिकीला येवोत की शूटिंगला, ओल आलेली भिंत पाहुण्याला दाखवायची म्हणजे घराची अब्रू उघड्यावर मांडायची. कंपनीने आगाऊ दिलेले पैसे सहदेवने सरळ रंगाच्या दुकानात नेऊन दिले. प्रांजलने 'भिंत तशीच ठेवा' असं बजावलं नव्हतं, कारण कोणी भिंत रंगवेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

खरं तर ते पैसे रंगासाठी नव्हते. खोली भाड्याची होती. अकरा महिन्यांचा करार संपत आला होता आणि मालकाने फोनवर सांगून टाकलं होतं, की या वेळी भाडं चांगलंच वाढेल, जमत नसेल तर बघा. त्याच्या बायकोने, रुक्मिणीने, दोन घरची पोळीभाजी वाढवून घेतली तरी ती वाढ झेपणारी नव्हती. नाही झेपली तर रुक्मिणीच्या भावासारखं कल्याणच्याही पलीकडे जायचं. मुलगी अक्षता घाटकोपरच्याच एका हॉस्पिटलात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिची ड्युटी सकाळी सातला लागायची. मामाच्या गावाहून पहाटेची पहिली एसटी धरून लोकल पकडली तरी ती वेळ गाठता येत नाही, हे तिने एकटीनेच शोधून काढलं होतं. घरात ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. रुक्मिणीला तेच जास्त लागलं. पोर रडली असती तर तिला जवळ तरी घेता आलं असतं.

"वाट लागली," प्रांजल म्हणाली आणि तिने हाक मारली, "विकी!"

विकी हा सेट रंगवणारा पोरगा. मळकी जीन्स, कानात बाळी, हातात बादली. त्याने भिंतीकडे असं पाहिलं, जसा आचारी कोऱ्या कढईकडे पाहतो. मग चहाचं पाणी, कॉफीची पूड, विटकरी रंग, काजळ असं काय काय कालवून तो कामाला लागला. बघता बघता पांढऱ्या भिंतीवर ओल उतरली, बुरशी धरली. आणि हात बसलाच आहे म्हणून त्याने स्वतःच्या खुशीने वरच्या कोपऱ्यातून फळीपर्यंत एक भेग ओढली. खाली येऊन तिला दोन फाटे फुटले. भेग इतकी हुबेहूब होती की सहदेवने नकळत फळीवरचे देव उचलून बाजूला ठेवले.

रुक्मिणी दारात उभी राहून बघत होती. "माका रडूक येताहा," ती हळूच म्हणाली. "काल रंगयल्यात, आज मळयल्यानी." तिने पदराचं टोक भिंतीकडे नेलंसुद्धा.

"काकी, हात नको लावू," विकी ओरडला. "पाण्याचा कलर आहे. ओला फडका मारला की साफ. शूटिंग झालं की मीच पुसून देतो, टेन्शन नको घेऊ."

दिवसभर राऊळांच्या खोलीत दुसरंच एक कुटुंब राहिलं. त्यातली बाई राऊळांच्या शेगडीवर खोटा चहा करत होती आणि खोटं खोकत होती. मधल्या सुट्टीत तिने रुक्मिणीने केलेला खरा चहा घेतला, खोलीभर नजर फिरवली आणि म्हणाली, "कसे राहतात ना लोक." रुक्मिणीने तो कप दोनदा विसळला.

दुपारनंतर सगळ्यांची धावपळ उडाली. जाहिरातीतलं नवं घर मढच्या एका बंगल्यात चित्रित करायचं होतं, कारण ज्या टॉवरची जाहिरात होती त्यातल्या खऱ्या फ्लॅटमध्ये कॅमेरा आणि माणूस एकाच वेळी मावत नव्हते. उजेड जायच्या आत पोहोचायला हवं म्हणून सामान कसंबसं गाडीत कोंबलं गेलं. त्या गडबडीत विकीची बादलीही राहिली आणि भिंतीवरची भेगही.

"उद्या पुसूया," सहदेव म्हणाला. अंग मोडून आलं होतं, आणि ओल्या भिंतीखाली झोपायची त्या घराला सवय होतीच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालक आले. विद्याधर कर्णिक मुलुंडला राहणारे, नोकरीतून निवृत्त झालेले, शर्टाला इस्त्री असलेले गृहस्थ. या बैठ्या चाळीतल्या लागोपाठच्या तीन खोल्या त्यांच्या वडिलांनी कधी काळी घेऊन ठेवल्या होत्या. पहिलीत राऊळ, दुसरीत शकु आणि तिचा रिक्षावाला नवरा, तिसरीत मार्तंड नावाचा एकटा वॉचमन. कर्णिक कराराचे कागद घेऊन आत आले, चप्पल काढताना त्यांनी वर पाहिलं, आणि एक चप्पल पायातच राहिली.

"राऊळ, हे कधी झालं?"

सहदेव भाबडा माणूस. त्याने खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात रुक्मिणी चहा घेऊन मध्ये आली. "आता काय सांगायचं साहेब," ती म्हणाली, "झालं."

कर्णिकांनी चहा घेतला, पण बाहेर ओट्यावर उभ्याने. "या वर्षी वाढ राहू दे. आहे तेच भाडं चालू ठेवू," ते म्हणाले. "मी बघतो काय करता येतं ते. तेवढ्यात कुठे तक्रार वगैरे करू नका, म्हणजे झालं." आणि कागद तसेच पिशवीत घालून ते डोंगर उतरून गेले.

"गो, ह्या खोटा झाला," सहदेव म्हणाला.

"मी खोटा खय बोललंय? त्येनी इचारल्यानी कधी झाला, मी सांगितलंय झाला."

"मी आताच पुसतंय."

"पुसा की," रुक्मिणी शांतपणे म्हणाली. "चेडू ड्युटीवरसून येयत. तिका सांगा आधी, आणि मगे पुसा."

अक्षता आली. गणवेश न बदलताच तिने भेगेकडे बघत सगळी हकिकत ऐकली. ती हसली नाही. फक्त म्हणाली, "म्हणजे आपण इथेच राहतोय?" आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली. सहदेवने फडका उचलून खुंटीला अडकवला. त्या दिवसापासून रुक्मिणी झाडू मारताना त्या भिंतीपाशी देवघरापाशी मारावा तसा जपून मारू लागली.

चाळीत गोष्ट लपते ती कितीशी. शकुला सुगावा लागलाच. "काकी, सगळ्यांचं भाडं वाढतंय आणि तुमचं नाय, हे कसं?" तिने विचारलं. रुक्मिणीने कानावर हात ठेवले. पण पुढच्या रविवारी विकी विसरलेली बादली न्यायला आला, आणि शकुने त्याला ओट्यावरच धरलं. कोंबडीचं जेवण आणि वर हात जोडणं एवढ्या मोबदल्यात त्याने तिच्या भिंतीवरही भेग काढली. रस्सा चांगला झाला होता म्हणून मार्तंडलाही एक काढून दिली. मार्तंडने नको नको म्हणत काढून घेतली.

विकीचा हात चांगला होता, पण भेग त्याला एकच येत होती. "ही मला पाठ आहे," तो म्हणाला. तीच उंची, तोच उतार, खाली तेच दोन फाटे.

कर्णिक शकुचा आणि मार्तंडचा करार करायला आले ते आल्या पावली परत गेले. दोन दिवसांनी आले ते सोबत एक इंजिनीअर घेऊन. इंजिनीअरच्या डोक्यावर हेल्मेट होतं. तो तिन्ही खोल्यांच्या उंबऱ्याबाहेरच थांबला, कारण अशा खोलीत पाऊल टाकणं त्याच्या नियमात बसत नव्हतं. बाहेरूनच त्याने तीन फोटो काढले, एकाखाली एक लावले आणि त्याचा चेहरा गंभीर झाला.

"बघा साहेब. तिन्ही खोल्यांत एकाच उंचीवर, एकाच दिशेला. म्हणजे ह्या तीन भेगा नाहीत. एकच भेग आहे आणि ती पूर्ण रांगेतून गेलीय. भिंतीचा प्रश्नच नाही हा, खालचा डोंगर सरकतोय."

"मग?" कर्णिकांनी विचारलं.

"आठ दिवसांत रिकामं करा. मी रिपोर्ट देतो." आणि पुढच्या कामाला उशीर होतोय म्हणत तो उतरणीला लागला. सरकत्या डोंगरावरून तो बराच झपाझप चालत गेला.

शकु मटकन ओट्यावर बसली. मार्तंड स्वतःच्या खोलीकडे असा बघू लागला, जणू आपण काहीच केलेलं नाही. आणि कर्णिक, इस्त्रीच्या शर्टाचे कर्णिक, राऊळांच्या पायरीवर डोकं धरून बसले.

सहदेव भिंतीसमोर उभा होता. त्याला सगळं लख्ख दिसत होतं. भेग ठेवली तर आठ दिवसांत घर जाणार. पुसली तर भाडं वाढणार आणि महिन्याभरात घर जाणार. गरीब माणसाला निवड मिळते ती साधारण अशीच मिळते. त्याने रुक्मिणीकडे पाहिलं. रुक्मिणीने पायरीवरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग खुंटीवरचा फडका काढला, बादलीत बुडवला, पिळला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

"साहेब, जरा आत या," सहदेव म्हणाला.

"नको. पडेल."

"नाय पडत. या तुम्ही."

कर्णिक भीत भीत आत आले. सहदेवने वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. भेग फडक्यात उतरत गेली. फाटे गेले, ओल गेली, बुरशी गेली. मागे उरली ती नव्या रंगाची पांढरीशुभ्र भिंत. सहदेवने रंगापासून विकीपर्यंत सगळं सांगून टाकलं, शकु आणि मार्तंडचं पाप तेवढं आपल्या अंगावर घेऊन. "चुकी माझी," तो म्हणाला. "पोरीचं शिक्षण व्हायचंय साहेब. दुसरं काय कारण नाय."

कर्णिकांनी भिंतीवर हात फिरवला. दोनदा ठोकून पाहिली. इंजिनीअरला फोन लावून भेग पुसली गेल्याचं, रिपोर्ट नको असल्याचं सांगितलं. तो म्हणाला, अशी भेग पुसून जात नसते, आणि फी पाठवून द्या. मग कर्णिक हळूच खाटेच्या कडेवर बसले. सगळे बोलणी खायच्या तयारीने उभे होते.

"गेले काही दिवस मला झोप नाही, राऊळ," ते म्हणाले. "ह्या खोल्या गेल्या तर मी राहतो ते घर जाईल."

"म्हणजे?"

"मीसुद्धा भाड्यानेच राहतो हो. आमची मुलुंडची सोसायटी रीडेव्हलपमेंटला दिली. इमारत पाडून झाली, नवी काही उभी राहीना. बिल्डर सुरुवातीला भाडं देत होता, ते बंद झालं. आता आमचा जो घरमालक आहे, त्याने या महिन्यापासून वाढ मागितलीय. ती मी कुठून देणार? ती घेतली आणि तुम्हा तिघांत वाटून टाकली." त्यांनी खाली बघितलं. "तुमच्याकडून वाढवायचं म्हणजे मला काही गोड वाटत नव्हतं."

रुक्मिणीने पुन्हा चहा टाकला. या खेपेला कर्णिकांनी तो आत बसून प्यायला. सहदेव त्यांच्याच शेजारी बसला, आणि ते दोघांनाही वावगं वाटलं नाही.

निघताना कर्णिक दारात घुटमळले. शकु आणि मार्तंड आपापल्या खोलीत गेल्याची त्यांनी खात्री करून घेतली आणि आवाज खाली आणला.

"राऊळ, तो मुलगा... विकी. मुलुंडला येईल का?"

सहदेव त्यांच्याकडे बघतच राहिला.

"रविवारी आमचा मालक करार करायला येतोय," कर्णिक घाईने म्हणाले. "माझी वाढ टळली, तर तुम्हा तिघांची टळली. हा माझा शब्द. नाही टळली तर मात्र... बघा."

रविवारी सहदेव विकीला घेऊन मुलुंडला गेला. बादली त्याने स्वतः धरली होती. घरी अक्षता त्या आठवड्यातली नाइट ड्युटी करून झोपली होती. बाबा कुठे आणि कशाला चाललेत हे तिला सांगितलं नव्हतं. कर्णिकांचा भाड्याचा फ्लॅट नीटनेटका होता, सोफा होता, शोकेस होतं, आणि कुणी कधीही उठवेल अशा बेताने निम्मी खोकी अजून बांधलेलीच होती. कर्णिकांच्या पत्नी नीलावहिनींनी दार उघडलं. त्यांनी विकीकडे पाहिलं, त्याच्या कानातल्या बाळीकडे पाहिलं आणि त्याला पाणी दिलं.

"सोफ्याच्या मागे काढ हं बाळा," त्या म्हणाल्या. "आल्यागेल्याला दिसायला नको."

"वहिनी, लपवली तर मालकाला दिसणार कशी?" सहदेव अदबीने म्हणाला.

"तेही खरंच. मग शोकेसच्या वर काढ. पण फाटे नकोत. एकच, सरळ. बरी दिसते."

"काकी, सरळ भेग पडत नाय कधी," विकी म्हणाला. "शिवाय मला हीच येते."

विकीने भिंतीवर हात टाकला तेव्हा नीलावहिनी स्वयंपाकघरात निघून गेल्या. आयुष्यभर नीटनेटकं घर ठेवलेल्या बाईला ते बघवेना. कर्णिक खुर्चीत ताठ बसले होते. आपण पाप करतोय हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, आणि ते नीट व्हावं अशी काळजीही दिसत होती.

भेग झाली. विकीने दोन पावलं मागे येऊन मान हलवली. मालक यायला थोडाच वेळ होता. सहदेवने त्या भिंतीकडे पाहिलं. पोरीची ड्युटी, शकुचा संसार, मार्तंडची खाट, सगळं येऊन मुलुंडच्या या एका रेघेवर टांगलं होतं. तो चप्पल काढून आला होताच. त्याचे हात आपोआप जुळले. गावी कुठलंही कार्य काढलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी होकार भरायचा. सहदेवने ते मुंबईत कधी घातलं नव्हतं. आज तो हलक्या आवाजात बोलू लागला.

"बा देवा म्हाराजा. आज ह्या घरात ही भेग काढलेली आसा. येणाऱ्या मालकाची नजर तिच्यार पडांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," विकी म्हणाला. त्याची आई कुडाळची होती.

"ह्या घराचा भाडा आसा तितक्याच ऱ्हवांदे. ह्येच्या आधारान घाटकोपराक जी तीन घरा उभी आसत, त्येंचाय ऱ्हवांदे. माझ्या चेडवाचा शिक्षाण पुरा करून घे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." या वेळी आवाज दोन होते. स्वयंपाकघराच्या दारात नीलावहिनी हात जोडून उभ्या होत्या.

मग सहदेव जरा विचार करून म्हणाला, "आणि आता येतलो तो मालक, तोय बिचारो खय भाड्यान ऱ्हवत असलो, तर त्येकाय सांभाळून घे रे म्हाराजा."

कर्णिक खुर्चीतून उठले. त्यांना मालवणी येत नव्हतं, आणि देवाशी असं मोठ्याने बोलायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती. त्यांनी घसा साफ केला.

"व्हय म्हाराजा," ते म्हणाले, आणि दाराची बेल वाजली.